घरी काय सांगितलंय?

४ मार्च

प्रिय चिमणे,

फोनवर बोलण्यासारखं असतं तर पत्र लिहीत बसले नसते. पण आपला फोन बैठकीत आणि फोनशेजारी आईंची खुर्ची. बसच्या पुढच्या दाराशी उभं राहून मागच्या दाराने बिनतिकिटाचा कोण चढला ते ओळखणाऱ्या बाईचे कान ते. कंडक्टरकी सुटली, कान सुटले नाहीत. मी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी विचारतात, ‘कोणत्या गोष्टीला हं?’

काल दुपारी दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची काडी बसवत होते. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर टीव्ही लावलेला असतो, एरवी माझं तिकडे लक्षही नसतं. तोफांचा आवाज आला म्हणून मान वर केली. येत्या सव्वीस तारखेला संध्याकाळी एक माहितीपट दाखवणार आहेत, आघाडीवरच्या सैनिकांच्या रोजच्या आयुष्याचा. त्याची झलक चालू होती. चिखलातून चारपाच जण वाकून धावत होते. एकाने मागे वळून हात हलवला आणि ओरडला, “खाली बसा!” चिमणे, तो तुझा दादा होता. डोक्यावर लोखंडी टोप, दाढी वाढलेली, खांद्याला बंदूक. पण ओरडताना मान एका बाजूला टाकायची त्याची सवय मी कुठेही ओळखेन. माझ्या हातातला स्क्रू कुठे पडला कोण जाणे. आजोबाच माझ्याबरोबर जमिनीवर शोधायला लागले.

आपल्याला काय माहीत आहे? तो भटारखान्याच्या कोठीवर आहे. आघाडीपासून लांब. त्याची पत्रं आठव ना! आज कांद्याची पोती आली, निम्मे कांदे सडके. आज बटाटे सोलायच्या यंत्रात कुणाची तरी टोपी गेली. आई ती पत्रं जिन्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवतात. ‘माझा मुलगा कांदे-बटाटे मोजतो, त्यात कसली लाज? उपाशीपोटी कोण लढलंय?’

आता गंमत ऐक. गंमत कसली म्हणा! आईंना त्या माहितीपटाचं आधीच कळलंय. त्यांना वाटतंय, लढणाऱ्यांना जेवू कोण घालतं तेही दाखवतीलच, म्हणजे आपला मुलगा हातात डाव घेऊन दिसणार. अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण गेलंय. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका घडीच्या खुर्च्या देणार आहेत.

आणि झलकेच्या शेवटी पडद्यावर अक्षरं आली, ‘या माहितीपटातले दोघे आज आपल्यात नाहीत.’

त्याचं शेवटचं पत्र जानेवारीतलं. तेव्हापासून काही नाही.

तुला ठाऊक होतं का, तो कुठे आहे ते? खरं सांग. आणि मी काय करू तेही सांग. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी
वहिनी


१० मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आधी माझ्यावर रागाव, मग पुढे वाच.

हो, मला माहीत होतं. पहिल्यापासून. निघायच्या आदल्या दिवशी दादा माझ्या खोलीवर आला होता. म्हणाला, “आईला भटारखाना सांगितलंय, बायकोलाही तेच. दोघी एका घरात राहणार, एकीला कळलं की दुसरीच्या तोंडावर दिसणार. तू लांब आहेस, तू सांभाळ.” मी नर्स असल्यामुळे माझ्या पोटात सगळं मावतं असा त्याचा समज आहे. मी शब्द दिला. चुकलं असेल, पण दिला.

पण तू भलतेसलते विचार करू नकोस. ती अक्षरं बघून घाबरलीस, साहजिक आहे. किती तरी माणसं असतील त्या माहितीपटात! आघाडीवरची पत्रं रखडतात, कधी चार एकदम येतात. दादा बरा आहे. मन घट्ट ठेव.

आईचं मात्र बघायला हवं. माझं ऐकशील तर सव्वीस तारखेला टीव्ही बिघडव. मागची वायर जरा सैल केली तरी पुरे. दुरुस्तीवाला दोन दिवस येत नाही म्हणावं. पेन्शनर काकांना विश्वासात घे, नाहीतर ते स्वतःचा टीव्ही खाली घेऊन येतील.

इथे सगळं नेहमीचं. ड्युटी, झोप, ड्युटी. जेवणाची आबाळ होत नाही, काळजी नको. आईला काही बोलू नकोस.

तुझी
चिमणी


१४ मार्च

चिमणे,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा आधी पाकीट पाहिलं. शिक्का तुझ्या गावाचा नाही. म्हटलं, टपालखात्याचा घोळ असेल. तरी दुकानातून तुझ्या हॉस्पिटलला फोन लावला. ‘त्या महिनाभराच्या रजेवर आहेत.’ ड्युटी, झोप, ड्युटी! मग तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीला गाठलं. ती आधी म्हणाली आवाज नीट येत नाही. मग म्हणाली, ‘वहिनी, मला काही विचारू नका. पत्र माझ्याकडे पाठवा, मी पोचवते.’ म्हणून हे तिच्या पत्त्यावर टाकते आहे.

सैन्याच्या कागदावर पहिलं नाव तुझं आहे ना? माझं नाही. काही झालं तर आधी तुला कळवतील, आणि तू ठरवशील या बाईला कधी सांगायचं, कसं सांगायचं, सांगायचं की नाही. ‘मन घट्ट ठेव’ म्हणे! हे वाक्य तू पेशंटच्या नातेवाइकांना कधी म्हणतेस ते मला ठाऊक आहे. तूच एकदा हसत सांगितलं होतंस.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या. परीक्षेत नापास झालीस ते आईंच्या आधी मला सांगितलंस. मी परकी कधी झाले?

इकडे आई रोज काही ना काही ठरवतात. काल मला विचारत होत्या, पिक्चर चालू असताना चहा द्यावा की संपल्यावर. मी म्हटलं, संपल्यावर. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. रात्री अंथरुणात पडून मी त्या झलकेतला चेहरा आठवते आणि तो जिवंत माणसाचा वाटतो की नाही ते शोधत बसते. असं कधी कळतं का?

मला तुझी माफी नको, समजूत नको. एकच शब्द लिही. आहे की नाही?

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

आहे.

दादा आहे. जेवतो आहे, माझ्यावर डाफरतो आहे, कालच उशी नीट लावली नाही म्हणून बोलणी खाल्ली. आता खाली बस आणि मग पुढचं वाच.

तुझा अंदाज खरा आहे. पहिलं नाव माझं. मी इथे सैनिकी इस्पितळात आहे, त्याच्याजवळ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्या खंदकावर तोफगोळा पडला. हातपाय शाबूत आहेत. चेहऱ्यात गोळ्याचे बारीक तुकडे घुसले. डावा डोळा काढावा लागला. उजव्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, त्यावर पट्टी आहे. ती तीस तारखेला उघडणार. दिसेल का, असं विचारलं की डॉक्टर म्हणतात, ‘बघू.’ डॉक्टरांच्या ‘बघू’चे सगळे प्रकार मला पाठ आहेत असं मी समजत होते. हा कोणता, ते कळत नाही.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, वहिनीला बोलावते. तर अंथरुणात उठून बसला. “उजवा वाचला तर मीच तिला लिहीन. नाही वाचला तर तेव्हाचं तेव्हा.” मी म्हटलं, “तिचं काय चाललं असेल?” तेव्हा म्हणाला, “दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांतच बघत असते. घरी येऊन पुन्हा तेच बघायचं का तिने?” मी त्याच्याशी भांडले. मग तो बोलेनासा झाला, जेवेनासा झाला. मी हरले. तुला परकी मानलं नाही गं. तुझ्यासमोर खोटं टिकणार नाही म्हणून तुझ्यापासून लांब राहिले.

खंदकात त्याच्या शेजारी त्याचा मित्र होता. गाणी म्हणायचा म्हणून सगळे त्याला गवई म्हणायचे. तो त्याच गोळ्याने गेला. दादा त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता माहितीपटाचं. तो बनवणारी बाई गेल्या आठवड्यात इथे येऊन गेली. तारीख सांगितली, काही नको असेल तर काढून टाकते म्हणाली. दादाने काहीच काढायला सांगितलं नाही. ती गेल्यावर मला म्हणाला, “आईला बघू दे. मला तोंडाने सांगता यायचं नाही.” म्हणजे बघ, मीच तुला टीव्ही बिघडव म्हटलं आणि आता मीच नको म्हणते आहे. मला हे पटत नाही, वहिनी. आईने सगळ्या बिल्डिंगसमोर, हातात चहाचा कप घेऊन, हे बघायचं? पण त्याच्या वतीने आजवर मी इतकं ठरवलंय की आता ठरवायची भीती वाटते. तू ठरव.

माझी रजा संपते आहे, सत्तावीसला सकाळी मला निघावंच लागेल. वॉर्डाचा फोन नंबर मागे लिहिला आहे. ‘ये’ असं म्हणायची मला त्याने मनाई केली आहे.

ये.

चिमणी


२५ मार्च

चिमणे,

तुझं पत्र आज दुकानात मिळालं. मालकांनी चेहरा बघूनच घरी जायला सांगितलं. स्टँडवर जाऊन उभी राहिले, इस्पितळाच्या गावाची गाडी समोर लागलेली होती. पाय उचलला आणि परत ठेवला. मी अशीच निघून गेले असते तर सव्वीस तारखेला आई एकट्या त्या पडद्यासमोर बसल्या असत्या. तुझ्या दादाला तोंडाने सांगता येत नाही. कुणाला तरी आलं पाहिजे ना!

घरी आले तर आई खुर्च्या पुसत होत्या. काकांच्या खुर्च्या, माळ्यावर पडून धुळीने भरलेल्या. मी ओलं फडकं त्यांच्या हातातून घेतलं.

“आई, तो भटारखान्यात नाही.”

“बदली झाली?”

“नव्हताच कधी. आघाडीवर होता. त्या माहितीपटात तसाच दिसणार आहे.”

त्यांनी दुसरं फडकं घेतलं आणि पुढची खुर्ची पुसायला लागल्या. पाय पुसले, पाठ पुसली, खुर्ची उलटी करून खालून पुसली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आहे का?”

“आहे.”

“पुरता?”

मी डोळ्यांचं सांगितलं. चिमणे, मला वाटलं होतं रडतील. त्या भडकल्या. “तुला कधी कळलं?” म्हटलं, आघाडीचं तीन आठवड्यांपूर्वी, बाकीचं आज. “तीन आठवडे! तीन आठवडे मला रोज ताट वाढलंस, माझ्या समोर बसून जेवलीस, आणि मी त्या चहाचं विचारत होते तेव्हा ‘संपल्यावर’ म्हणालीस!” मी तुझ्यावर ज्यासाठी चिडले, नेमकं तेच मी त्यांच्याशी केलं होतं. तुझंही असंच झालं असेल.

सगळ्या खुर्च्या पुसून झाल्यावर मी विचारलं, “उद्या लोकांना येऊ नका म्हणून सांगू का?”

“का? त्याने काय चोरी केलीय?” मग म्हणाल्या, “त्याला वाटतंय ना मी बघावं? बघते. परवा पहाटेची गाडी पकडू. जागा खिडकीची घेऊ नकोस, मला बाहेर बघायचं नाही.”

हे पत्र तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकते. वॉर्डात फोन करून निरोप ठेवते.

वहिनी


२७ मार्च, सकाळ

प्रिय वहिनी,

तुझा निरोप मिळाला. ही चिठ्ठी वॉर्डातल्या सिस्टरांकडे ठेवून जाते आहे. माझी गाडी अर्ध्या तासात आहे, तू संध्याकाळी पोचशील. आपली चुकामूक होणार.

काल वॉर्डातल्या सगळ्यांनी माहितीपट बघितला. ज्यांना चालता येत होतं ते टीव्हीजवळ गेले, बाकीच्यांच्या खाटा सरकवल्या. दादा म्हणाला, मला नको. सुरू झाल्यावर म्हणाला, “काय दिसतंय?” मग मी सांगत गेले. आता चिखल आहे. आता कुणी तरी मोजे वाळत घालतंय. आता तू दाढी करतोयस, आरशाचा तुकडा हातात धरून. तो नुसता हुंकार देत होता.

मग ती बाई, दिसत नाही, आवाज तेवढा तिचा, सगळ्यांना विचारते, “घरी काय सांगितलंय?” तू हे पाहिलंच असशील, पण मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं म्हणून लिहिते. एक म्हणतो, मी ड्रायव्हर. एक म्हणतो, कचेरीत टंकलेखन करतो. दादा म्हणतो, “मी कोठीवर. कांदे फार सडके येतात.” आणि तो गवई म्हणतो, “मी बँडमध्ये बासरी वाजवतो. आई विचारते, पगार मिळतो ना रे त्याचा?” सगळे पोट धरून हसतात. दादाचं हसू सगळ्यांत मोठं. आणि हसू संपायच्या आत पहिला गोळा पडतो आणि कॅमेरा जमिनीवर आदळतो.

गवयाचा आवाज ऐकला तेव्हा दादाने माझं मनगट धरलं होतं. अजून वळ आहे. नंतर म्हणाला, “तो दिसत होता का नीट?” मी म्हटलं, हो. “कसा दिसत होता?” मी सांगितलं, पुढचा दात अर्धा तुटलेला, हसताना हात तोंडावर नेतो. मग दादा बोलायला लागला. किती वेळ बोलत होता कोण जाणे. ते मी लिहिणार नाही. तुला तोच सांगेल.

सकाळी मी त्याला सांगितलं, वहिनी येते आहे आणि आईही. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, “शर्ट बदलायला हवा.”

जाते. माझ्यावरचा राग राहू दे, पण पत्र पाठवत जा.

चिमणी


३१ मार्च

प्रिय चिमणे,

तुझी चिठ्ठी सिस्टरांनी दिली. तुला आधी घरचं सांगते.

आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. ते बासरीचं आलं तेव्हा सगळी खोली हसली. मग गोळा पडला आणि जो तो जिथल्या तिथे गप्प. शेवटी गेलेल्या दोघांचे फोटो आले, त्यात गवई. पेन्शनर काका उठायला लागले तशा आई म्हणाल्या, “बसा. नावं संपू द्या.” सगळे बसले. चहा कुणीच घेतला नाही. कप आईंनी स्वतः विसळले. विसळताना म्हणाल्या, “तो गेल्याचं त्याच्या आईला कळलं असेल. पण बासरीचं खोटं होतं, हे तिला आज असंच दिसलं असेल का गं?” मला काय माहीत! रात्रभर त्या तेच बोलत होत्या. स्वतःच्या मुलाचं काही नाही.

इथे पोचलो तर वॉर्डाच्या दाराशी त्यांचे पाय थांबले. भरल्या बसमधून वाट काढणारी बाई, पण ते दार ओलांडवेना. “तू हो पुढे.” मी गेले. तो नवा शर्ट घालून बसला होता, गुंड्या एकीच्या जागी दुसरी लावलेल्या. मी खाटेशी उभी राहिले. “चिमे, रजा वाढवलीस?” म्हणाला. मी म्हटलं, “नाही.” माझा आवाज ओळखून तो सावरून बसला. मी त्याच्या गुंड्या सोडून नीट लावायला घेतल्या. एवढंच जमलं.

मग आई आल्या आणि जो काही आवाज लावला! “नालायका, सडके कांदे! मी बिल्डिंगभर सांगत फिरले. अरे, मला विचारलं असतंस तर मी काय तुला दाव्याने बांधून ठेवणार होते?” सिस्टर धावत आल्या. पलीकडच्या खाटेवरच्याने पांघरूण डोक्यावर घेतलं. तो नुसता ‘हो आई, हो आई’ करत होता. दम संपल्यावर त्या पायथ्याशी बसल्या आणि त्याचे तळवे चोळायला लागल्या. त्या अजून तिथेच आहेत, फक्त जेवायला उठतात.

काल पट्टी उघडली. पडदे ओढून खोलीत मंद उजेड ठेवला होता. डॉक्टरांनी आम्हाला भिंतीशी उभं केलं. आईंनी माझा दंड धरला होता. शेवटचा पदर निघाला, डॉक्टरांनी बोटं धरली. “किती?”

“दोन.”

तीन होती. आईंची पकड घट्ट झाली. डॉक्टरांनी हात जरा जवळ नेला. “आता?”

त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं. मान एका बाजूला टाकून तो कितीतरी वेळ बघत राहिला. “तीन. तिसरं जरा लांब आहे.”

डॉक्टर हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. डोळा जगलाय म्हणाले. उजेड दिसतो, माणसं दिसतात, अक्षरं इतक्यात नाहीत. किती सुधारेल ते आज सांगता यायचं नाही. फौजेत परत घेणार नाहीत, हे मात्र नक्की. ते ऐकून तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याचं त्याला दुःख झालं, चिमणे. मला झालं नाही. आणि ते मी त्याच्यापासून लपवलंही नाही.

संध्याकाळी आई चहा घ्यायला खाली गेल्या. तो म्हणाला, “गवयाच्या आईकडे जायचंय मला. बरा झालो की. येशील?”

“येईन.”

“खूप रागावली आहेस का?”

“दिसत नाही का?”

“धूसर दिसतंय.”

“रागावले आहे. चिमणीवरही, पण तिच्याशी मी समोरासमोर भांडणार आहे. सुट्टी मिळाली की ये म्हणून लिहिते तिला.”

“जवळ ये ना. किती रागावलीस ते बघू दे नीट.”

मी खुर्ची पुढे ओढली.

तुझी
वहिनी